पाळकांसाठीं प्रार्थना : लिटनींतील एक पाठभेद

मुंबईचें सेंट थॉमस चर्च इ. स. १७१८ च्या नाताळांत उपासनेस खुलें झालें, तेव्हां इंग्रजांच्या चर्चमध्यें इ. स. १६६२ चा प्रार्थनाग्रंथ चालूं होता. त्यांत पाळकांसाठीं प्रार्थना वर्षभर येतात : बिशप, 'क्युरेट' व त्यांच्या हवालीं असलेल्या मंडळ्यांसाठीं एक, रविवारीं, बुधवारीं व शुक्रवारीं लिटनी, आणि लेंटारंभीं, पेंटेकॉस्टनंतर, सप्टेंबरांत व डिसेंबरांत येणाऱ्या चार एंबर सप्ताहांत नवदीक्षितांसाठीं रोज एक. येथील 'क्युरेट' म्हणजे हल्लींचा दुय्यम पाळक नव्हे. लॅटिन 'कूरा' म्हणजे काळजी, ती ज्याच्या माथीं तो पॅरिशचा मुख्य पाळकच.

इ. स. १५५९ च्या लिटनींत बिशपांमागून 'पास्टर' व 'मिनिस्टर' येतात. १६६२ च्या लिटनींत त्या जागीं 'प्रीस्ट' व 'डीकन' आहेत. हा लेखकप्रमाद नव्हे. जुने शब्द कामाचे वाचक, नवे दीक्षेच्या पायरीचे. इ. स. १६६१ च्या सॅव्हॉय सभेंत प्युरिटनांनीं 'मिनिस्टर' हाच शब्द सर्वत्र मागितला होता. पदरीं पडलें तें उलट. त्याच १६६२ च्या एकरूपतेच्या कायद्यानें बिशपच्या हातून दीक्षा न घेतलेल्यास पॅरिश ठेवण्याची मनाई केली. मुदत २४ ऑगस्टची. इ. स. १६६० पासून तोंपर्यंत सुमारें २,००० पाळक स्थानभ्रष्ट झाले. नवी पोथी गांवोगांव पोंचली, तेव्हां पाळकांसाठीं प्रार्थना पूर्वीसारखीच होत राहिली. परंतु ज्याच्या हातून गांवच्या मुलांचे बाप्तिस्मे झाले होते, त्याला त्या ओळींत आतां जागा नव्हती.