शिकणाऱ्याचा पगार

‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळके नटांची जमवाजमव करत होते तेव्हा तारामती काही केल्या मिळेना. वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन झाल्या, कलावंतिणींचे उंबरे झिजवून झाले. अखेर ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके हा तरुण त्यांच्या नजरेत भरला. नाजूक बांधा, सडपातळ हात. महिना दहा रुपयांवर राबणाऱ्या साळुंक्यांना फाळक्यांनी पंधरा रुपये देऊ केले आणि ते दादरच्या बिऱ्हाडी दाखल झाले. ही गोष्ट आपल्याकडे इतक्या वेळा सांगितली गेली आहे, की पुरुषाने तारामती केली याचे हसू येते आणि आपण पुढे सरकतो. मला त्या हकिकतीत पाच रुपयांची वाढ अधिक बोलकी वाटते. साळुंक्यांच्या गाठीशी अभिनयाचा अनुभव नव्हता. तो शिकण्यासाठी त्यांना फी भरावी लागली नाही. शिकवणाऱ्यानेच त्यांना पगार दिला.

आज पुण्यामुंबईत, आणि आता जिल्ह्याच्या गावीही, अभिनयाच्या आणि लघुपट तयार करण्याच्या कार्यशाळा भरतात. जाहिरातीत ठळक अक्षरांत असते ते असे, की शिकवणारे केवळ प्राध्यापक नाहीत, प्रत्यक्ष चित्रपटात काम करणारे आहेत. हे काहीतरी नवे आहे अशा थाटात ते सांगितले जाते. वास्तविक, आपल्याकडे चित्रपट शिकवण्याची पहिली पन्नास वर्षे दुसरी कुठलीही पद्धत नव्हतीच. ‘कार्यशाळा’ हा शब्द इंग्रजीवरून बेतलेला आहे. त्यासाठी आपला जुना शब्द ‘कारखाना’. फाळक्यांकडची मंडळी, सिनेमाची बदनामी नको म्हणून, आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत असे बाहेर सांगत, ही आख्यायिका प्रसिद्धच आहे. सांगणाऱ्यांना ती थाप वाटत असेल, पण ती थाप नव्हती.

फाळके स्वतः एका लहान मुदतीच्या शिक्षणावर उभे होते. 1912 च्या सुरुवातीला, विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून, ते लंडनला गेले. ‘बायस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ या चित्रपटनिर्मात्याशी घालून दिली. हेपवर्थच्या कारखान्यात मोजके दिवस काम पाहून आणि करून, विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवून ते परतले. एवढ्या शिदोरीवर त्यांनी दादरच्या घरात शाळा मांडली. नट घरीच जेवत. सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत आणि रात्री कोऱ्या फिल्मला भोके पाडीत, रसायने मिसळीत. चित्रपटाची तांत्रिक बाजू हाताने शिकलेली ती आपली पहिली स्त्री. तिला शिकवणारा नवराही अजून शिकतच होता.

फाळके नटांना शिकवत कसे, हे पाहायची सोयही त्यांनीच करून ठेवली आहे. 1917 मध्ये ‘लंकादहन’च्या सुमारास ‘चित्रपट कसे तयार करतात’ या नावाचा एक माहितीपट त्यांनी काढला. त्याचे तुकडे आज उपलब्ध आहेत. त्यात फाळके नटांची तालीम घेताना दिसतात. मूकपटाचा काळ, शब्दांचा आधार नाही. म्हणून चेहरा, मान, हात यांचे काम ते करून दाखवतात. नाटक कंपनीत गोविंद बल्लाळ देवलांसारखा तालीममास्तर जे करी त्याच्याशी या पद्धतीचे नाते उघड आहे. फरक एवढाच, की हा मास्तर तालीम संपली की कॅमेऱ्याचा दांडा फिरवायला किंवा फिल्म धुवायला उठे. आणि त्याचा पहिला विद्यार्थी कच्चा निघाला नाही: ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंक्यांनीच केल्या.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी हाच कारखाना अधिक मोठा केला. ते स्वतः नाटकांचे पडदे रंगवणारे कलावंत. कॅमेरा त्यांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने घरच्या घरी जुळवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ 1920 मध्ये पडद्यावर आणला. त्याच कंपनीत शांताराम वणकुद्रे नावाचा एक पोरगा आला. त्याआधी त्याने गंधर्व नाटक मंडळीत दिवस काढले होते, हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात काम केले होते, सिनेमाच्या तंबूत पडेल ते केले होते. पेंटरांकडेही सुरुवात पडेल त्या कामापासूनच. 1921 च्या ‘सुरेखाहरण’मध्ये तो कृष्ण झाला, 1925 च्या ‘सावकारी पाश’मध्ये शेतकरी. शिकणे आणि काम करणे यांच्यात इथे रेघच नव्हती. सेट रंगवणारा दुपारी तोंडाला रंग लावी आणि रात्री प्रयोगशाळेत बसे.

या पद्धतीचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये. अशा ठिकाणी शिकवणाऱ्याचीच मर्जी चाले. कोण काय शिकणार, कधी शिकणार, शिकला तर त्याला संधी मिळणार की नाही, हे मालक ठरवी. 1 जून 1929 रोजी दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम या चौघांनी सीताराम कुलकर्णी यांच्या भांडवलावर ‘प्रभात’ काढली. गुरूचे घर सोडल्याखेरीज त्यांना स्वतःचा चित्रपट करता आला नसता. पेंटरांच्या कंपनीला मात्र त्यानंतर पूर्वीचे दिवस दिसले नाहीत. कारखान्याने शिष्य घडवावेत आणि शिष्यांमुळे कारखान्याला उतरती कळा लागावी, हा या पद्धतीचा अंगभूत धोका होता.

1933 मध्ये प्रभात पुण्याला आली. तिथेही मासिक पगार, एक आवार, सगळी खाती हाताशी. नाटकात स्त्रीभूमिका करणारे विष्णुपंत पागनीस इथे ‘संत तुकाराम’ झाले. पुढे, चाळिशीच्या दशकात, उदय शंकर यांच्या अल्मोड्याच्या केंद्रातून आलेला गुरुदत्त नावाचा तरुण नृत्यदिग्दर्शक आणि सहायक म्हणून याच आवारात उमेदवारी करत होता. पण तोवर शांताराम बाहेर पडले होते, आणि स्टुडिओला पगार परवडेनासा होऊ लागला होता. पगारी नटांऐवजी एकेका चित्रपटापुरता करार करणारे नट आले. मोठे स्टुडिओ देशभर याच सुमारास खचले. नवख्याला पोसत पोसत शिकवणारी जागाच त्यांच्याबरोबर गेली, हा त्या पडझडीचा फारसा न लिहिला गेलेला परिणाम आहे.

ती जागा सरकारने भरून काढली, आणि तीही नेमक्या त्याच आवारात. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने प्रशिक्षणसंस्थेची शिफारस केली होती. 1960 मध्ये प्रभातच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. आता पगार नव्हता, पण सरकारी खर्चाने चाललेली शाळा होती. आणि शिकवायला आले तेही काम करणारेच. ऋत्विक घटक 1965 च्या सुमारास तिथे शिकवत होते. ‘फिअर’ आणि ‘रांदेव्हू’ हे विद्यार्थ्यांसोबतचे लघुपट त्याच वर्षीचे. मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम आणि कॅमेरामन के. के. महाजन ही त्यांच्या भोवतीची मुले. चार-पाच वर्षांत मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’ आला. कॅमेरा महाजनांचा, पैसा फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचा. स्वतंत्र चित्रपट म्हणून आपण जे ओळखतो त्याची एक मुळी थेट या वर्गात जाते.

अभिनयाचा वर्ग मात्र सुरुवातीपासून सावत्र राहिला. तो उभा केला रोशन तनेजा यांनी. ते न्यूयॉर्कला सॅनफोर्ड माइस्नर यांच्याकडे शिकून आले होते. माइस्नर यांच्या पद्धतीचा पाया साधा आहे: आपण काय करतो याकडे नव्हे, समोरच्या नटाकडे लक्ष ठेवा. दोन नट समोरासमोर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा एकमेकांना म्हणतात, आणि समोरच्याच्या बदलत्या सुरातून आपला सूर घेतात. ‘मी करतो तसे कर’ या तालीममास्तरी परंपरेच्या हे नेमके उलट. जया भादुरी, शत्रुघ्न सिन्हा, असरानी, शबाना आझमी, नसीरुद्दीन शाह, ओम पुरी ही यादी या वर्गाची आहे. असरानींनी तर शिकून झाल्यावर तिथेच शिकवले, आणि हृषीकेश मुखर्जींच्या ‘गुड्डी’त जया भादुरींसोबत ते पडद्यावरही दिसले.

एवढे असूनही चित्रपटाच्या शाळेत नटाचे काय काम, हा प्रश्न आवारात धुमसत होता. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, गिरीश कार्नाड संचालक असताना, तो संपापर्यंत गेला. दिग्दर्शनाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या पदविकापटात अभिनयाच्या विद्यार्थ्यांनाच घ्यावे असे बंधन असावे का, हा वाद. दिग्दर्शकांचे म्हणणे, आम्हाला हवा तो चेहरा निवडू द्या. नटांचे म्हणणे, मग आम्ही कॅमेऱ्यासमोर शिकणार कधी? नसीरुद्दीन शाह नटांच्या बाजूने पुढे होते आणि कार्नाड त्यांच्या विरुद्ध. त्याच कार्नाडांनी नंतर श्याम बेनेगल यांना ‘निशांत’साठी नसीर यांचेच नाव सुचवले, हे दोघांच्याही मोठेपणाचे. पण प्रश्न त्याने सुटला नाही. माझ्या मते दोन्ही बाजू खऱ्या होत्या, आणि ही कोंडी झाली कारण शाळेने कारखान्यातली एक गोष्ट वगळली होती. पेंटरांकडे कुणाला नट म्हणून भरती करून ताटकळत ठेवत नसत. भूमिका नसेल तेव्हा त्याच्या हातात कुंचला असे. शाळेत आल्यावर ज्याला त्याला एकच विषय उरला.

थोड्याच काळात अभिनयाचा अभ्यासक्रम बंद झाला आणि तो पुन्हा सुरू व्हायला नवे शतक उजाडावे लागले. तनेजा मुंबईला गेले आणि त्यांनी स्वतःची शाळा काढली. खासगी शाळा म्हटली की फी आलीच. साळुंक्यांच्या पंधरा रुपयांचा प्रवाह इथे पहिल्यांदा उलट वाहू लागला, असे मी मानतो. यात तनेजांचा दोष नाही. सरकारने दार लावल्यावर शिकवणाऱ्यालाही पोट असते.

मुंबईतच सत्यदेव दुबे वेगळ्या रीतीने तेच करत होते. ते नाटकाचे दिग्दर्शक, बेनेगलांच्या ‘अंकुर’, ‘निशांत’, ‘भूमिका’ या चित्रपटांचे संवादलेखक. मराठीत त्यांनी 1971 मध्ये तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चा चित्रपट केला. त्याचा कॅमेरा गोविंद निहलानींचा. जे. जे. स्कूलमधून चित्रकला शिकलेले अमोल पालेकर नाटकाकडे वळले ते त्यांच्यामुळे. दुबे अखेरपर्यंत कार्यशाळा घेत राहिले. भर उच्चारावर, वाक्याच्या अर्थावर, श्वासावर. शिस्तीला कडक आणि जिभेला तिखट, अशी त्यांची ख्याती होती. त्यांच्याकडून मिळत होते ते शिक्षण तर होतेच, शिवाय नाटकात उभे राहायची शक्यता होती. मला वाटते, काम करणारा शिक्षक आणि नुसता नावाजलेला शिक्षक यांतला फरक इथे आहे: पहिल्याच्या पुढच्या कामात विद्यार्थ्याला जागा असू शकते.

ही जागा विद्यार्थ्यांनी स्वतःच तयार केल्याचे उदाहरणही पुण्याचेच. इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढली आणि बँकेच्या कर्जावर 1976 मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ केला. पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शक एक नव्हे, चौघे: के. हरिहरन, मणी कौल, कमल स्वरूप, सईद मिर्झा. नाना फडणीस मोहन आगाशे, घाशीराम ओम पुरी, आणि बरीचशी मंडळी थिएटर ॲकॅडमीची. नाटकाचे चाहते चित्रपटावर खूश झाले नाहीत. तो चाललाही नाही. तरी कॅमेऱ्यामागची शिकलेली मुले आणि कॅमेऱ्यासमोरची रंगभूमीवर तयार झालेली मुले एका कर्जात, एका जोखमीत उभी राहिली, असे उदाहरण आपल्याकडे विरळाच. संपात जी रेघ ओढली गेली होती ती या चित्रपटाने पुसली होती.

नंतरच्या काळात वाटा फुटल्या. सुमित्रा भावे चित्रपट शिकलेल्या नव्हत्या. त्या समाजशास्त्राच्या संशोधक. 1985 मध्ये ‘बाई’ हा लघुपट करता करताच त्या शिकल्या, आणि इन्स्टिट्यूटमधून शिकलेले सुनील सुकथनकर त्यांचे जोडीदार झाले. इन्स्टिट्यूटनेही 2017 पासून पुण्याबाहेर देशभर लहान मुदतीचे सशुल्क अभ्यासक्रम सुरू केले, त्यांत पडद्यावरच्या अभिनयाचे आणि मोबाइलवरच्या चित्रीकरणाचेही. गावोगावच्या मुलांना कॅमेऱ्यासमोर उभे राहायला मिळाले, ही चांगलीच गोष्ट. पण पाच दिवसांनी शिक्षक परत जातो आणि मुलगा गावात उरतो. फी परवडली म्हणजे सगळे परवडले असे नाही. त्यानंतर जे दोन-तीन वर्षे बिनपगारी काढावे लागतात त्यांचा हिशेब कुठल्याच पत्रकात नसतो. ज्याच्या घरी ती दोन-तीन वर्षे निघू शकतात, त्याचाच चेहरा मग पडद्यावर दिसतो.

करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी अहमदनगरच्या कॉलेजात संज्ञापनशास्त्राचा अभ्यासक्रम केला. तिथल्या अभ्यासाचा भाग म्हणून केलेल्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याचा विषय होता शाळेत जाऊ पाहणारा मुलगा, ज्याला शाळा परवडत नाही. पुढे ‘फँड्री’साठी आणि ‘सैराट’साठी त्यांनी मुख्य भूमिकांतली मुले शोधली ती कुठल्याही अभिनयवर्गाबाहेर, सोलापूर जिल्ह्यातल्या गावांत, आणि चित्रीकरणाआधी स्वतः त्यांच्याकडून तयारी करून घेतली.