पाच हजार रात्रींचा नट

आमचं मार्कंडा वैनगंगेच्या काठावर, चामोर्शी तालुक्यात. दक्षिणेकडं जाणारी नदी इथं उत्तरेला वळते, म्हणून जागा पवित्र. बाहेरची माणसं येतात ती देवळं पाहायला आणि महाशिवरात्रीच्या जत्रेला. देवळाच्या भिंतीवर दगडात कोरलेल्या नाचणाऱ्या बाया आहेत, वाजवणारे आहेत. दीडशे वर्षांमागं कनिंगहॅम नावाचा इंग्रज साहेब इथं येऊन गेला, देवळं मोजली, पुस्तकात लिहून ठेवलं. दगडातल्या नाचणारणीची अशी नोंद झाली. पण आमच्या मातीत, खऱ्या अंगानं रात्रभर नाचून-बोलून सकाळी रंग धुऊन निघून जाणाऱ्या नटांची नोंद कोणी घेतली? तेच सांगायला बसलो आहे.

२५ जानेवारी २०२३ ची संध्याकाळ. दिल्लीहून पद्म पुरस्कारांची यादी आली. झाकीर हुसेन यांना पद्मविभूषण, सुमन कल्याणपूर यांना पद्मभूषण. पद्मश्रीच्या यादीत सिनेमातली रवीना टंडन होती, शेअरबाजारातले वारलेले झुनझुनवाला होते, आणि त्यांच्याच संगं नाव होतं परशुराम कोमाजी खुणे. गाव गुरनोली, तालुका कुरखेडा, जिल्हा गडचिरोली. नातवानं मोबाईलवर वाचून दाखवलं आणि विचारलं, "आबा, हे कोण?" मी म्हटलं, "अरे, हा आपला नट." एवढंच बोललो आणि पुढं बोलता येईना.

यादीत लिहिलं होतं, झाडीपट्टी रंगभूमीवर पाच हजारांवर प्रयोग, आठशे वेगवेगळ्या भूमिका. लोक त्यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात. नक्षलवादाच्या वाटेला गेलेल्या पोरांना माणसात आणायच्या कामातही त्यांचा हात आहे. पण मी त्यांना ओळखतो ते पेंडॉलमध्ये, माणसांच्या गर्दीत बसून. ते मला ओळखत नाहीत. चाहत्याचं असंच असते.

ज्यांना झाडीपट्टी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख म्हणजे झाडी. दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. लेकी माहेरी येतात, जावई येतात, सोयरिकी जुळतात. शंकरपट भरतो, म्हणजे बैलांची शर्यत. आणि रात्री खेळ. आमच्या आज्याच्या काळात खेळ म्हणजे दंडार आणि खडी गंमत. गावचेच लोक, पुरुषच लुगडं नेसून बाईचं काम करत. मग पडदे आले, पेटी-तबला आला, गावातल्या हौशी पोरांनी नाटक बसवायचं आणि बाईच्या कामासाठी बाहेरून नटी आणायची, असं सुरू झालं. पुढं धंद्याच्या मंडळ्या झाल्या. त्यांचं ठाणं वडसा, म्हणजे देसाईगंज. जिल्ह्यात रेल्वे स्टेशन तेवढं तिथंच होतं, त्यामुळं नागपूर-गोंदियाकडचे कलावंत तिथं उतरायचे. आजही हंगामात वडशाच्या बाजारात ओळीनं मंडळ्यांचे बोर्ड दिसतात. गावचं मंडळ तिथं जाऊन नाटक बुक करते, विसार देते, तारीख ठरवते. तिकिटाचा पैसा उरला तर तो गावच्या कामी येतो.

नाटकाची जागा म्हणजे कापणी झालेली बांधी. तिथली माती खोदून पुढच्या अंगाला खोल, मागं चढत जाणारा खड्डा करायचा, म्हणजे मागच्यालाही दिसते. निघालेल्या मातीचा मंच. भोवती कनात. घरून पोतं, सतरंजी, घोंगडं घेऊन जायचं. नाटक दहा-साडेदहाला उभं राहायचं आणि कोंबडं आरवेपर्यंत चालायचं. मधात गाणी, लावण्या. पहाटे थंडीनं दात वाजतात, पण उठून कोणी जात नाही.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याच्या आगेमागेच मी परशुराम खुण्यांचं काम पहिल्यांदा पाहिलं. दहावी पास होऊन मी शेतीत लागलो होतो. नाटक कौटुंबिक होतं, रडायचं भरपूर होतं. रडणाऱ्या बाया पदर डोळ्याला लावून बसलेल्या, आणि मधातच विनोदी काम करणारा हा माणूस आला. काही बोलला नाही, नुसता उभा राहून लोकांकडं पाहिलं. तेवढ्यावर पेंडॉल हसला. ज्या बायांच्या डोळ्याला पदर होता त्यांनी तोच पदर तोंडाला लावला. मला वाटलं, हे कसं केलं यानं?

त्या दिवसापासून मी मागं लागलो. कोणत्या गावी कोणती मंडळी येणार हे जीपवरच्या भोंग्यावरून कळायचं, गुजरीत चिकटवलेल्या पोस्टरवरून कळायचं. पोस्टरवर मी आधी नाव शोधायचो. नाव दिसलं की रेंगीत, सायकलीवर, नाही तर पायी. नदीच्या पल्याड सावली तालुका लागतो, तिकडंही जायचो. हिवाळ्यात पाणी उतरलेलं असायचं. डोंग्यानं धार ओलांडायची आणि पुढं रेतीतून चालायचं. एक दोनशे पानी वही केली होती. त्यात तारीख, गाव, नाटकाचं नाव आणि खुण्यांचं काम काय होतं ते लिहायचो. गावातले पोरं चिडवायचे, "तलाठ्याचं दप्तर आलं." चिडवू द्या. शेतकऱ्याच्या पोराला दुसरा छंद कोणता होता?

आता हा हंगाम धानाचाही असतो, हे ध्यानात घ्या. धान कापून बांधीत पुंजणं रचलेलं असते, चुरणं व्हायचं असते. रात्री राखण लागते, नाही तर रानडुकरं येतात. एका साली राखणीची पाळी माझी होती आणि पल्याडच्या गावी नाटक होतं. मी शेकोटी पेटवली, दोन मोठी लाकडं घातली आणि म्हटलं, धूर पाहून डुकरं येणार नाहीत. आणि निघून गेलो. सकाळी उजेडता परत आलो तर पुंजणं अर्धं उलटवलेलं. चिखलात तुडवलेल्या लोंब्या. दोन-तीन चुंगड्या धान गेलं असेल. त्या काळी ते घरच्या दोन महिन्याचं खाणं होतं.

बा तिथंच उभा होता. मला वाटलं आता काठी पडणार. त्यानं काठी उचलली नाही. लोंब्या गोळा करत म्हणाला, "डुकरायनं खाल्लन, आता का करतोस?" त्या साली मायनं उन्हाळ्यात उसनं धान आणलं. मला कोणी काही बोललं नाही, हेच मला जास्त लागलं. मी वही पेटीत टाकली आणि वर्षभर नाटकाचं नाव काढलं नाही.

पुढच्या वर्षी मंडईच्या दिवसात बा स्वतःहून म्हणाला, "ज्याच्यासाठी धान सोडून गेलास, तो कोण आहे मले दाखव गा." बा कधी नाटकाला जात नसे. त्याला पैशाचं दुःख होतं आणि झोपेचंही. रेंगी जुंपली, मायलाही घेतलं. चुलतभाऊ पुंजण्याजवळ राखणीला बसला. मी पोस्टर पाहूनच गाव निवडलं होतं. रातभर मी मंचाकडं कमी आणि बाकडं जास्त पाहिलं. पहिले दोन तास बा घोंगडं पांघरून दगडासारखा बसला. मग खुणे आले. घरच्या नोकराचं काम होतं आणि मालक त्याच्या मजुरीचा हिशेब काहीच्या काही करत होता. तसा हिशेब बानं जन्मभर ऐकलेला. बा आधी नाकातून हसला, मग घोंगडं बाजूला केलं, आणि मग पोट धरून हसला. डोळ्यात पाणी आलं त्याच्या. मी तीस वर्षांचाही नव्हतो, पण तोवर बाला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. सकाळी वही काढली आणि सगळं लिहून झाल्यावर खाली लिहिलं, 'बा हसला.'

याच काळात टीव्ही आला. १९८७ साली रामायण सुरू झालं आणि गावात एका घरी बॅटरीवर टीव्ही लावला की सारा गाव अंगणात. हार-नारळ घेऊन बसायचे लोक. तेव्हा शहाणी माणसं म्हणाली, आता मंडईचं नाटक संपलं, घरबसल्या नट दिसतो तर रातभर थंडीत कोण बसेल? मलाही भीती वाटली होती. पण झालं उलटं. टीव्हीतल्या नटाला आपलं हसू ऐकू जात नाही. आमच्या विनोदी नटाला पेंडॉलमधून कोणी हाक मारली तर तो नाटकाच्या मधातच त्याला उत्तर देते, आणि ते उत्तर त्या गावात वर्षभर चालते. हे टीव्हीला कसं जमणार?

इतकंच नाही, पडद्यावरचे नटच आमच्याकडं आले. मोहन जोशींसारखा माणूस झाडीपट्टीच्या नाटकात काम करून गेला. २००३ च्या 'गंगाजल'मध्ये त्यांचा साधू यादव पाहून अंगावर काटा आला होता, आणि २०१५ च्या 'देऊळ बंद'मध्ये तेच स्वामी समर्थ होऊन आले. असा नट आमच्या बांधीत उभा राहतो म्हटल्यावर गर्दी होणारच. पोस्टरवर मुंबईच्या नटाचं नाव मोठं आणि आमच्या माणसाचं लहान, हे पाहून मला राग यायचा. पण मुंबईचा नट चार दिवसांचा पाहुणा. हंगाम ओढायचा तो झाडीच्याच नटानं.

पाच हजार प्रयोग म्हणजे काय, याचा मी शेतकऱ्याच्या पद्धतीनं हिशेब केला. दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम. त्यात एखाद्याच्या वाट्याला सव्वाशे रात्री आल्या असं धरलं, तरी पाच हजाराला चाळीस वर्षं लागतात. चाळीस हिवाळे रात्री झोप नाही. रात्रभर काम, सकाळी गाडीत डुलकी, संध्याकाळी दुसऱ्या गावी पुन्हा तोंडाला रंग. मुंबईत प्रशांत दामल्यांनी ६ नोव्हेंबर २०२२ ला साडेबारा हजारावा प्रयोग केला. मोठीच गोष्ट आहे, मान आहे त्यांना. पण तिथं एक नाटक चाललं की शेकड्यानं प्रयोग होतात, भूमिका अंगात मुरते. इथं आठशे भूमिका आणि पाच हजार रात्री. भागाकार करून पाहा, एका भूमिकेला सहा-सात रात्री येतात. भूमिका अंगात बसते न बसते तोच ती उतरवून ठेवायची आणि नवी घ्यायची, कारण झाडीतलं गाव दरवर्षी नवं नाटक मागते. त्या आठशेतल्या किती भूमिकांची फीत आहे? टीव्हीवर मालिका पुन्हा लागते, सिनेमा पुन्हा लागते. आमच्या नटाचं काम पहाटे कनात सोडली की संपलं. ते राहिलं असेल तर पाहणाऱ्याच्या डोक्यात.

माझ्या डोक्याबाहेर ते वहीत होतं. काही वर्षांमागं घराचं एक अंग पावसाळ्यात खचलं, पेटी ओलीत राहिली. उघडून पाहिली तर वाळवीनं पानांची माती केली होती. पुठ्ठा तेवढा शिल्लक. जिथं 'बा हसला' लिहिलं होतं ते पानही गेलं. बा तर त्याच्या आधीच गेला होता. ज्या दिवशी बा वारला त्या दिवशी इतका रडलो नसेन, तितका त्या पुठ्ठ्याजवळ बसून रडलो.

पुढं राष्ट्रपती भवनात द्रौपदी मुर्मूंच्या हातून खुण्यांना पद्मश्री मिळाली. गावातले सारे म्हणाले, झाडीपट्टीचा मान झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, २०२२ ला, तृषांत इंगळे यांनी झाडीपट्टीच्या नाटकांवर 'झॉलीवूड' हा सिनेमाही काढला होता. कोरोनाच्या सालात पेंडॉल बंद पडले तेव्हा मंडळ्यांवर फार वाईट दिवस आले होते, त्यातूनही त्या उठल्या. या सगळ्याचा आनंद आहेच. पण मला वाटते, पद्मश्री ही दिल्लीनं केलेली नोंद झाली. गावानं करायची नोंद वेगळी आहे. कोणत्या गावी, कोणत्या साली, कोणत्या नाटकात कोण काय काम करत होतं आणि तेव्हा कोण हसलं, कोण रडलं, हे दिल्लीला माहीत असणार नाही. ते आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना माहीत आहे, आणि आम्ही एकेक करून चाललो आहोत.

म्हणून मागच्या दिवाळीत नवी वही आणली. डोळ्याला आता रात्री नीट दिसत नाही, तेव्हा मी सांगतो आणि नातू लिहितो. पहिल्या पानावर नाटकाचं नाव नाही, तारीख नाही, कारण मला ती आठवत नाही. फक्त इतकं लिहायला लावलं: परशुराम खुणे, नोकराचं काम. बा हसला.

नातवानं विचारलं, "एवढंच?"

म्हटलं, "एवढंच. पुढच्या पानावर तुझ्या डोळ्यानं पाहिलेलं लिही." यंदाच्या मंडईला त्याला घेऊन जाणार आहे. पुंजण्याची राखण मात्र आधी ठरवून ठेवली आहे.