सुकलेला रंग

मंडळी, रंग सुकणं म्हणजे रंग वाया जाणं, हे समीकरण तसं नवंच आहे बरं का!

आपल्याकडचे लघुचित्रकार रंग शिंपल्यात ठेवत. रंगात डिंक घोटलेला असे. तो सुकला तरी बिघडत नसे. ओला कुंचला फिरवला की डिंक पुन्हा विरघळे. अहमदनगरच्या निजामशाहीतली, साधारण १५६५ सालची 'तारीफ-ए-हुसेनशाही' ही सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्यातली चित्रंही अशाच पाण्यात कालवलेल्या रंगांची.

युरोपातले चित्रकार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरत. तिला भोक पाडलं की हवा शिरलीच! १८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. रंग टिकू लागला आणि रानात बसून तैलचित्रं काढणं सोपं झालं.

विसाव्या शतकात अ‍ॅक्रिलिक आलं. त्यातलं पाणी उडालं की प्लॅस्टिकचे कण कायमचे चिकटतात; मग कितीही पाणी घाला, व्यर्थ. आमच्या घाटंजीच्या मे महिन्यात तर विचारूच नका! माझा भाचा बोटभर उंचीचे शिपाई रंगवतो. ड्रॉपरची बाटली बुजली की थेट कचऱ्यात टाकायला निघतो. जीव तुटतो हो, कारण आतला रंग बहुतेकदा चांगला ओला असतो. चोच काढून धरायची, सुकलेला खडा टाचणीने बाहेर काढायचा. आत ढकलला तर तो पुन्हा तिथेच अडकतो.

शिंपल्याला पाणी पुरे होतं, बाटलीला टाचणी लागते. पण फेकण्याआधी थांबायला दोन्हीकडे सारखंच लागतं.