जोडाचा इतिहास : ‘आरजे-४५’ आणि अरण्यातली शेवटची तार

नाव आणि वस्तू यांची फारकत भाषेच्या अभ्यासकाला नवी नाही. वस्तू बदलते, नाव तेच राहते. कधी नाव भलत्याच वस्तूला जाऊन चिकटते. संगणकाच्या जाळ्यात सर्वत्र वापरला जाणारा पारदर्शक प्लास्टिकचा आठ पिनांचा प्लग हे त्याचे ठळक उदाहरण. दुकानदार, तंत्रज्ञ, शिक्षक सगळे त्याला ‘आरजे-४५’ म्हणतात. काटेकोरपणे पाहिले तर ते त्याचे नाव नव्हे.

‘आरजे’ म्हणजे ‘रजिस्टर्ड जॅक’, नोंदणीकृत जोड. या नोंदणीमागे मालकीचा वाद आहे. अमेरिकेत दूरध्वनीचे यंत्र, तार आणि भिंतीतला जोड हे सारे बेल कंपनीच्या ताब्यात असे. तिच्या तारेला परक्याचे यंत्र जोडण्यास मनाई होती. टेक्सासच्या टॉमस कार्टर यांनी दूरध्वनी आणि बिनतारी संच यांचा मेळ घालणारे ‘कार्टरफोन’ हे उपकरण बनवले. दूरध्वनीच्या तारांपासून लांब काम करणाऱ्यांना त्याचा उपयोग होता. १९६८ साली तिथल्या संचार आयोगाने कार्टर यांच्या बाजूने निर्णय दिला. पुढे १९७०च्या दशकात परक्या यंत्रांची नोंदणी आणि ती जोडण्यासाठी प्रमाणित जॅक अशी व्यवस्था आली. आरजे-११ म्हणजे एका दूरध्वनीवाहिनीची जोडणी. मूळचा आरजे-४५ मोडेमसाठी होता. त्याच्या प्लगला बाजूला एक खाच-कंगोरा असे आणि जोडात एक रोधक बसवलेला असे. तो जोड मागे पडला. आठ जागा आणि आठ संपर्क असलेला साधा प्लग मात्र त्याचे नाव घेऊन जगभर पसरला. त्याचे तांत्रिक नाव ‘८पी८सी’. ते पुस्तकात राहिले.

आपल्याकडेही तारेवर सत्ता सरकारची होती. १८८५चा तार कायदा हा तिचा पाया. त्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा २०२३ साली संमत झाला. या दीर्घ काळात भारतीय परिस्थितीचा विचार करून घडवलेली एक गोष्ट आवर्जून आठवावी लागते. १९८४ साली स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ने १२८ वाहिन्यांचे ग्रामीण एक्स्चेंज तयार केले. वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उकाड्यात चालावे ही त्याच्या रचनेमागची अट होती. यंत्र निवडताना आधी जागा पाहावी, हा त्यातला धडा.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात हा धडा महत्त्वाचा ठरतो. चंद्रपूरचा उन्हाळा देशातल्या तीव्र उन्हाळ्यांपैकी एक. पावसाळ्यात वैनगंगा, इंद्रावती, पर्लकोटा यांच्या पुरात वाटा तुटतात. १९८२ साली वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा बहुतांश भाग अरण्याचा, आणि रेल्वे दीर्घकाळ केवळ वडसा-देसाईगंजला स्पर्शून जाणारी. वनजमिनीतून केबल न्यायची तर १९८०च्या वनसंवर्धन कायद्याचा विचार करावा लागतो. माओवादी हिंसेच्या काळात मोबाइल मनोरेही जाळले गेले. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या योजनेला २०११ साली मंजुरी मिळाली. तीच पुढे ‘भारतनेट’ झाली. परंतु प्रकाशतंतू कार्यालयात येऊन थांबतो. तिथून संगणकापर्यंतची वाट बहुधा तांब्याचीच असते आणि तिच्या दोन्ही टोकांना हा प्लग असतो.

तेव्हा निवडीचा प्रश्न किरकोळ राहत नाही. प्लगच्या संपर्कपट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असतो, कारण सोने गंजत नाही. चांगल्या मालात हा थर ५० मायक्रोइंच, म्हणजे सुमारे १.२७ मायक्रोमीटर असतो. स्वस्त मालात तो नावापुरताच असतो. दमट हवेत काही पावसाळे गेले की संपर्क कच्चा होतो आणि दोष शोधूनही सापडत नाही. दुसरी गोष्ट तारेची. भिंतीतून जाणारी तार एकसंध तांब्याची, तर टेबलावरची लवचिक तार अनेक बारीक धाग्यांची. दोघींसाठी प्लगमधल्या पात्यांचा आकार वेगळा असतो; चुकीचा प्लग आज चालतो आणि उद्या सैल होतो. तिसरी गोष्ट कवचाची. धातूच्या कवचाचा जोड घेतला, पण इमारतीला नीट अर्थिंगच नसले, तर त्या कवचाचा अपेक्षित लाभ मिळत नाही.

आठ तारांच्या क्रमातही इतिहास दडलेला आहे. मधल्या चार आणि पाच क्रमांकाच्या जागा एका जोडीच्या. दूरध्वनीची जोडी मध्यभागी असे, म्हणून. परिणामी तीन आणि सहा या जागांवरची जोडी तिला ओलांडून बसते. हे ठाऊक नसलेला माणूस तारा सरळ ओळीने जोड्या करून लावतो. साध्या परीक्षकावर सगळे दिवे लागतात, पण जोड्या फुटल्यामुळे संदेश एकमेकांत मिसळतात आणि गती कोसळते. मराठी लेखनातले अनुच्चारित अनुस्वार १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी गळाले. या तारांच्या लिपीतला जुना अनुस्वार मात्र कायम आहे, आणि तो गाळणाऱ्याला शिक्षा होते.

ही शिक्षा नेमकी कोण भोगतो, हा खरा प्रश्न. रोजगार हमीची मजुरी, शिधापत्रिकेची नोंद, जातीचा दाखला हे सारे आता संगणकाच्या पडद्यावरून जाते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. अशा ग्रामसभांचे बांबू-तेंदूचे व्यवहारही कागदपत्रांवरच उभे असतात. दूरच्या टोल्यावरून पायी आलेल्या माडिया बाईला ‘आज लिंक नाही’ असे सांगितले जाते, तेव्हा कारण दरवेळी तुटलेला प्रकाशतंतू किंवा गेलेली वीज नसते. काही रुपयांचा प्लगही तिचा दिवस बुडवू शकतो. तिच्या दृष्टीने दोन्हींत फरक नाही.

कार्टर यांच्या खटल्यात प्रश्न होता तो तारेला काय जोडावे हे ठरवण्याच्या अधिकाराचा. तो अधिकार आता ग्राहकाकडे, म्हणजे ग्रामपंचायतीकडे, शाळेकडेही आला आहे. मात्र अधिकारासोबत निवडीचे ज्ञान आले नाही, तर हक्क कागदावर राहतो. निविदेत ‘आरजे-४५, नग शंभर’ एवढेच लिहिणे म्हणजे नावावर विसंबून वस्तू सोडून देणे. मुलाम्याची जाडी, तारेचा प्रकार आणि दोन्ही टोकांना एकच क्रम, एवढ्या तीन ओळी वाढवल्या तरी पुष्कळ साधते. शब्दाचा अर्थ नेमका करणे हे भाषेच्या माणसाचे काम. इथे त्याचे मोल कुणाच्या तरी मजुरीत मोजले जाते.