कोर्तेसचा कोरिदो : ओळीओळीने

‘विथ हिज पिस्टल इन हिज हँड’ हा अमेरिको पारेदेस यांचा ग्रंथ १९५८ साली टेक्सस विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. तो एकाच कोरिदोवर, ग्रेगोरिओ कोर्तेसच्या कोरिदोवर आहे. कोरिदो म्हणजे मेक्सिकन कथागीत : ओळीला आठ अक्षरे, चार ओळींचे कडवे, दुसऱ्या-चौथ्या ओळीला यमक. पारेदेस १९१५ साली ब्राउन्सव्हिलला, रिओ ग्रांदेच्या उत्तर काठावर जन्मले आणि स्वतः गिटार घेऊन गात. या गाण्याचे पाठ अनेक आहेत. म्हणून इथे मूळ शब्द न देता प्रत्येक ठिकाणचा आशय सांगून भाष्य केले आहे.

पहिली ओळ : ठिकाण. टेक्ससमधली कार्न्स काउंटी गाण्यात ‘कार्मेन’ होऊन येते. सरकारी नकाशा एका भाषेचा, गाणाऱ्याची जीभ दुसऱ्या भाषेची. पारेदेस इथे थेट १७४९ पर्यंत मागे जातात. स्पॅनिश अधिकारी एस्कांदोनने नदीच्या दोन्ही काठांवर वसाहती वसवल्या. पुढे अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातल्या १८४८ च्या तहाने तीच नदी सरहद्द ठरली आणि एकाच घरातली माणसे दोन देशांत गेली. सरहद्द वस्तीनंतर आली, हे ध्यानात घेतल्याशिवाय या गाण्यातला राग कळत नाही.

दुसरी ते चौथी ओळ : शेरीफ ठार, कोर्तेसचा भाऊ घायाळ. घटना १२ जून १९०१ ची. शेरीफ मॉरिस घोडेचोराच्या शोधात ग्रेगोरिओ कोर्तेसच्या दारी आला. दुभाष्याने घोड्याच्या सौद्याबद्दल विचारले. कोर्तेसने सौदा केला होता घोडीचा, म्हणून तो ‘नाही’ म्हणाला. त्यातून गोळीबार झाला. दंतकथेत हा प्रसंग चवीने सांगितला जातो. गाणे मात्र बहुतेक पाठांत प्रेत पडल्यावरच सुरू होते. मला ही काटछाट फार अर्थपूर्ण वाटते. भांडणाचे कारण ऐकणाऱ्यांना पाठ होते. शिवाय गैरसमज मध्ये आणला असता तर दोष दुभाष्यावर गेला असता आणि शेरीफ सुटला असता.

पुढचे कडवे : पिस्तूल हाती, आणि बचावाचा हक्क. ग्रंथाचे नाव इथूनच आले. नायक खुनाची बढाई मारत नाही, कायद्याच्या भाषेत बोलतो. मॉरिसच्या खुनाच्या खटल्यात १९०४ साली ज्यूरीने कोर्तेसला निर्दोष सोडले. गाणाऱ्यांचा निकाल आधीच लागला होता.

पाठलागाची कडवी : माग हरवलेले कुत्रे, भीतीने पांढरे पडलेले रेंजर (टेक्ससचे सशस्त्र पोलीस), वेढ्यात शेकडो माणसे. कोर्तेस दहा दिवस पळत होता. पायी शंभराहून अधिक मैल आणि घोडीवर चारशेहून अधिक. आकडे गाण्याने फुगवले हे खरे, पण फुगवण्यात गाणे एकटे नव्हते. वॉल्टर प्रेस्कॉट वेब यांनी १९३५ च्या ‘द टेक्सस रेंजर्स’मध्ये रेंजरांचे शौर्य असेच रंगवले होते, आणि तिथे मेक्सिकन माणसाच्या वाट्याला क्रौर्य आले होते. वेब टेक्सस विद्यापीठात प्राध्यापक. त्याच विद्यापीठात पारेदेस यांनी प्रबंध लिहिला आणि वेब यांच्या लेखणीची बोचरी थट्टा केली. अख्ख्या ग्रंथातली ही सर्वांत मजेदार पाने. रेंजर भ्यालेला दिसणे हा गाण्यातला विनोद, आणि सरहद्दीवरच्या लोकांच्या हातचे एकमेव हत्यारही.

शरणागती : मला हवे तेव्हाच धराल, अशी नायकाची भाषा. इथे गाणे आणि इतिहास उघड वेगळे होतात. २२ जून रोजी लारेडोजवळ कोर्तेस सापडला तो हेसुस गोन्सालेस नावाच्या मेक्सिकन माणसाने रेंजरांना वाट दाखवली म्हणून. गाण्यात तो स्वतःहून हाती लागतो. दंतकथेत तर त्याच्यापायी आपल्या लोकांचा छळ चालला आहे हे ऐकून. घरभेद्याला असे पुसून टाकणे म्हणजे ‘आपण’ आणि ‘ते’ यांच्यातली भिंत गाण्याने लिंपून घेणे. पारेदेस दोन्ही पुरावे समोर ठेवतात, पण गाण्याच्या या लबाडीबद्दल त्यांचा स्वर मला जरा मऊ वाटतो.

शेवटचे कडवे : निरोप. साचा ठरलेला. पोवाड्यात शाहीर आपले नाव गुंफतो, इथे गाणारा बहुधा नाव न सांगताच रजा घेतो.

या गाण्यात बायका जवळजवळ नाहीतच. पारेदेस यांनी रंगवलेला जुना सरहद्दीचा समाजही घरच्या कर्त्या पुरुषाच्या शब्दाबाहेर न जाणारा आणि फारच सुखी आहे; मानववंशशास्त्रज्ञ रेनातो रोसाल्दो यांनी नेमके यावर बोट ठेवले. ही टीका पटते. पण ती ग्रंथाच्या पहिल्या भागाला लागते. पाठभेदांची चिकित्सा करणारा दुसरा भाग आजही खणखणीत आहे. लोकगीतांचे संकलन करणाऱ्या मराठी अभ्यासकाने वाचायला सुरुवात तिथूनच करावी.