‘ब्लोबॅक’ला मराठीत काय म्हणाल?

इथल्या बातम्यांत ‘ब्लोबॅक’ हा शब्द वरचेवर येतो. मुलांनी अर्थ विचारला की आपण ‘दुष्परिणाम’ सांगून मोकळे होतो. माझ्या मते ते पुरेसे नाही. दुष्परिणाम काय, खोकल्याच्या औषधाचाही होतो!

शब्द मूळचा बंदुकीचा. बार उडाल्यावर दारूचा तापलेला वायू मागे फिरून चालवणाऱ्याच्याच तोंडावर आला, तर तो ब्लोबॅक. आम्हा रसायनवाल्यांना यावरून लूसची लढाई आठवते. २५ सप्टेंबर १९१५ रोजी फ्रान्समध्ये लूस येथे ब्रिटिशांनी प्रथमच विषारी वायू वापरला, तो क्लोरीन. हा हवेच्या सुमारे अडीचपट जड, म्हणून जमिनीलगत सरपटत खंदकात उतरतो. पण त्याला ढकलायला वारा लागतो. त्या पहाटे काही ठिकाणी वारा पडला आणि तो पिवळट-हिरवा ढग ब्रिटिशांच्याच खंदकांत परतला.

राजकारणातला अर्थ इराणमुळे आला. पंतप्रधान मोसादेग यांनी १९५१ साली ब्रिटिशांच्या हातातला तेलाचा धंदा सरकारच्या ताब्यात घेतला. ऑगस्ट १९५३ मध्ये सी.आय.ए. व ब्रिटिश हेरखात्याने मिळून त्यांना पदावरून घालवले. पुढल्या मार्चमध्ये सी.आय.ए.च्या डोनाल्ड विल्बर यांनी या कारवाईचा गुप्त इतिहास लिहिला. अशा कामांचा ‘ब्लोबॅक’ अमेरिकेवर येऊ शकतो, हे अधिकाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, असे त्यात बजावले आहे. हे कागद लोकांपुढे आले थेट २००० साली! त्याच वर्षी चामर्स जॉन्सन यांचे ‘ब्लोबॅक’ नावाचे पुस्तकही निघाले.

मधल्या काळात ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानची अमेरिकन वकिलात विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतली. ५२ जण ४४४ दिवस ओलीस राहिले. १९५३ चे प्रकरण इराणी विसरले नव्हते. बहुतेक अमेरिकनांना ते ठाऊकच नव्हते. जॉन्सन यांचा भर नेमका यावर आहे: आपल्या नावाने काय केले गेले हे जनतेला माहीत नसते, म्हणून उलटून आलेला तडाखा तिला अकारण वाटतो. आणखी एक गोष्ट आपण परदेशस्थांनी लक्षात घेण्याजोगी. त्याच नोव्हेंबरात इथे शिकणाऱ्या इराणी विद्यार्थ्यांना इमिग्रेशन कचेरीत हजेरी लावण्याचा हुकूम निघाला. त्यांचा वकिलातीशी काय संबंध?

‘अंगलट येणे’ जवळचे आहे, पण तिथे करणाराच भोगतो. भस्मासुराच्या गोष्टीतही वर देणाऱ्या शंकरालाच पळावे लागले. इथे करणारे निवृत्त होऊन घरी बसलेले असतात. ‘करून गेला गाव आणि भलत्याचे नाव’ ही म्हण त्या मानाने बरी, फक्त तिच्यात ते उलटून येणे नाही. अधिक चपखल शब्द कोणाला सुचल्यास पुढील अंकासाठी जरूर कळवावा.