‘नाइस’ : एका विशेषणाचा अर्थेतिहास

हवा, चहा, शेजारी आणि कविता या चारही गोष्टींना इंग्रजी बोलण्यात एकच विशेषण सहज लावले जाते : ‘नाइस’. वस्तूच्या गुणधर्मापेक्षा बोलणाऱ्याची पसंती तेवढी ते सांगते. म्हणूनच लेखनशिस्तीचा आग्रह धरणारे शिक्षक आणि समीक्षक या शब्दाकडे आळशी शब्द म्हणून पाहत आले आहेत. या नापसंतीमागे एक गृहीतक असते. ते असे की, शब्दाला पूर्वी एक नेमका अर्थ होता व सैल वापराने तो नष्ट झाला. प्रस्तुत शब्दाचा इतिहास मात्र या गृहीतकाचीच तपासणी करावयास लावतो.

‘नाइस’चे मूळ लॅटिन ‘नेस्किउस’ या शब्दात आहे. ‘ने’ हा नकार आणि ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे; अर्थात ‘नेस्किउस’ म्हणजे न जाणणारा, अज्ञ. ‘सायन्स’ हा शब्दही याच धातूच्या कुळातला. जुन्या फ्रेंचमधून १३००च्या सुमारास इंग्रजीत आलेला ‘नाइस’ मूर्ख, खुळा या अर्थाचा होता आणि चॉसरच्या काळी तो त्या अर्थाने रूढ होता. पुढे त्याला स्वैर, मग लाजाळू, नखरेल, चोखंदळ अशा छटा येत गेल्या. चोखंदळपणातून काटेकोरपणाचा अर्थ निघाला आणि सूक्ष्म भेद ओळखणाऱ्या बुद्धीलाही तो लागू लागला. जॉन्सनच्या १७५५च्या कोशात प्राधान्य आहे ते या काटेकोर, नाजूक, परिष्कृत अर्थांना. ‘सुखद’, ‘चांगला’ हा आजचा अर्थ अठराव्या शतकात रुळू लागला. अज्ञानापासून विवेकापर्यंतचा अर्थोत्कर्ष आणि विवेकापासून सर्वसाधारण पसंतीपर्यंतचा अर्थविस्तार, असे हे दुहेरी स्थित्यंतर आहे.

त्यातील दुसऱ्या स्थित्यंतराचा साहित्यिक साक्षीदार म्हणजे जेन ऑस्टिनची ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’ ही कादंबरी. तिचे लेखन मुख्यतः १७९८-९९मध्ये झाले. ती प्रकाशित झाली ती लेखिकेच्या निधनानंतर, १८१७च्या अखेरीस. चौदाव्या प्रकरणात कॅथरीन मॉर्लंड अ‍ॅन रॅडक्लिफच्या ‘उडॉल्फो’ची (१७९४) स्तुती याच विशेषणाने करते. हेन्री टिल्नी लगेच तिची थट्टा करतो : तिला बहुधा पुस्तकाचा नीटनेटकेपणा अभिप्रेत असावा, म्हणजे तो बांधणीवर अवलंबून! पूर्वी हा शब्द नीटनेटकेपणा, औचित्य, परिष्कार यांपुरताच असावा, आता मात्र तो सगळ्यालाच चालतो, अशी त्याची तक्रार आहे.

टिल्नीने ‘कदाचित’ म्हणण्याची सावधगिरी घेतली आहे. तरीही ज्याला तो मूळ अर्थ समजतो तो प्रवासातील एक मधला टप्पा आहे. मूळ अर्थच प्रमाण मानावयाचा तर ‘उडॉल्फो’ला मूर्ख ग्रंथ म्हणावे लागेल. शब्दाच्या शुद्धतेचा कैवारी इतिहासाला साक्षीस बोलावतो आणि आपल्या अभिरुचीला मानवणारा क्षण तेवढा त्यातून निवडतो.

ही निवड सामाजिक दृष्ट्याही निरागस नाही. टिल्नी ऑक्सफर्डला शिकलेला आहे. आपण तेथे अध्ययन करीत होतो तेव्हा कॅथरीन भरतकाम शिकणारी लहान मुलगी होती, याची आठवण तो त्याच संभाषणात तिला करून देतो. त्याची बहीण एलिनॉर, जॉन्सन आणि ब्लेअर यांच्या नावांचा मारा सुरू होईल, असा टोमणा मारते. कोश आणि वक्तृत्वशास्त्र हे पुरुषांच्या शिक्षणाचे शस्त्रागार होते. ज्या कादंबरीप्रकाराला अजून प्रतिष्ठा नव्हती, त्याविषयीचा आपला आनंद सांगायला कॅथरीनजवळ बोलीतले एक विशेषणच होते. ऑस्टिन दोघांचीही गंमत करते. शब्द तोकडा आहे हे ती लपवीत नाही. पण आनंद खोटा आहे असेही ती सुचवीत नाही.

सी. एस. लुईसने ‘स्टडीज इन वर्ड्‌स’मध्ये (१९६०) दाखविले आहे की, शब्दांचा कल वर्णनाकडून मूल्यनिर्णयाकडे असतो, शेवटी ते ‘चांगले’ किंवा ‘वाईट’ यांचे पर्याय होऊन बसतात. ‘नाइस’ला हे निदान लागू पडते, परंतु पुरे पडत नाही. विल्यम एम्प्सनने १९५१च्या ग्रंथात ‘ऑथेल्लो’तील ‘ऑनेस्ट’ व त्याच्या नामरूपाच्या ५२ वापरांचा विचार करताना शब्दाच्या अर्थात बोलणारा-ऐकणारा यांच्यातील नाते, कृपादृष्टी आणि उपरोधही धरले. त्या दृष्टीने पाहता ‘नाइस’ रिकामा नाही. त्याचा स्वर बदलला की तो तुच्छतादर्शक होतो, जसे मराठीत ‘शहाणा’ म्हणताना स्तुती आणि टोमणा यांतले अंतर सुरावर ठरते. शिवाय ‘नाइस डिस्टिंक्शन’सारख्या प्रयोगात सूक्ष्मतेचा जुना अर्थ अद्याप जिवंत आहे.

समीक्षेने अशा शब्दावर विसंबू नये, हे खरेच; कलाकृतीविषयी तो पुरेसे बोलत नाही. पण तो नाकारण्याचे कारण व्युत्पत्तीत शोधणे व्यर्थ आहे. वाचकाचा शब्द तोकडा पडतो तेथे त्याला अज्ञ ठरविणे सोपे असते. त्या शब्दाआड कोणता अनुभव अव्यक्त राहिला, हे विचारणे अवघड. समीक्षेचे काम हे दुसरे आहे.